पायावरचे ठिपके बघताना दोन तपासण्या लिहा : त्वचारोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व त्वचारोगतज्ज्ञ
आणि यकृत प्रत्यारोपण केंद्रांतील डॉक्टर

विषय : हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि त्वचेचा कॅन्सर

आदरणीय डॉक्टर मंडळी,
स. न. वि. वि.

मागणी आधीच मांडते, म्हणजे ओपीडीच्या गर्दीत हे पत्र निम्मं वाचून बाजूला ठेवलंत तरी मुद्दा पोचेल. नडगीवर दाबूनही फिके न पडणारे जांभळे ठिपके, तोंडात लायकेन प्लॅनस (गालाच्या आत पांढरी जाळी), उन्हात गेल्यावर हातांच्या पाठीवर उठणारे फोड, किंवा कारणच सापडत नाही अशी अंगभर खाज घेऊन कुणी आलं, तर एचबीएसएजी (हेपटायटिस बीसाठी) आणि अँटी-एचसीव्ही (हेपटायटिस सीसाठी) या रक्ताच्या दोन तपासण्या चिठ्ठीवर लिहा, कारण यकृताच्या या विषाणूंची पहिली खूण कातडीवर दिसू शकते. आणि ज्यांचं यकृत प्रत्यारोपण झालं आहे, त्यांची कातडी वर्षातून एकदा तरी डोक्यापासून तळपायापर्यंत कुणीतरी बघेल अशी सोय करा.

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात राहते. हायस्कूलवर विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मी डॉक्टर नाही, पण यजमानांच्या फायली मीच सांभाळते आणि त्यातला शब्द न् शब्द समजून घ्यायची मला सवय लागली आहे. ते आता बरे आहेत. हे पत्र त्यांना वाचून दाखवूनच पाठवते आहे.

१९९४ साली उसाची ट्रॉली उलटून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रक्त चढवलं. तेव्हा आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत हेपटायटिस सीची तपासणी सक्तीची नव्हती. ती या शतकाच्या सुरुवातीला झाली. मुळात त्या विषाणूची ओळखच १९८९ मध्ये पटलेली. त्यामुळे त्या रक्ताबद्दल आम्ही कुणालाही बोल लावत नाही. आमचं गाऱ्हाणं आहे ते पुढच्या वर्षांबद्दल.

अपघाताला दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांच्या पायांवर ठिपके येऊ लागले. दिवसभर उसाला पाणी पाजत उभं राहिलं की संध्याकाळी हमखास. गुडघ्याच्या खाली, घोट्याजवळ जास्त. रंग जांभळट लाल, बोट फिरवलं तर बारीक उंचवटे हाताला लागायचे. काचेचा पेला दाबून धरला तरी रंग जायचा नाही. आठवडाभरात ते विरायचे आणि मागे तपकिरी डाग ठेवून जायचे, मग पुन्हा नवी खेप. काही वर्षांत दोन्ही नडग्या गंजल्यासारख्या दिसायला लागल्या. सोबत तळपायांना मुंग्या, बोटांचे सांधे दुखणं आणि सकाळी उठल्या उठल्याच थकवा.

ठिपक्यांसाठी आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. एकाकडे नाही, अनेकांकडे. कुणी अॅलर्जी म्हणालं, कुणी उष्णता, कुणी शेतातल्या औषध फवारणीचा परिणाम. दर वेळी एक मलम, एक खाजेची गोळी, कधी थोडे दिवस स्टिरॉइड. सांधे दुखतात म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तर रक्तात आरए फॅक्टर (संधिवाताची खूण मानली जाणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला आणि संधिवाताची औषधं सुरू झाली. आज मला कळतं की ठिपके, सांधेदुखी आणि अशक्तपणा हे त्रिकूट तुमच्या पाठ्यपुस्तकात एका नावाखाली छापलेलं आहे, आणि हेपटायटिस सीमुळे होणाऱ्या क्रायोग्लोब्युलिनेमियात (रक्तातली प्रतिपिंडं थंडाव्यात साकळण्याच्या आजारात) आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतोच येतो म्हटलं तरी चालेल. ज्याने त्याने आपल्या वाट्याचा अवयव बघितला. पाय, बोटं आणि रक्ताचा कागद एकाच टेबलावर कुणी मांडलं नाही. काही शे रुपयांची एक तपासणी कुणी लिहिली नाही.

२०१५ मध्ये त्यांना रक्ताची उलटी झाली. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दिसल्या, सोनोग्राफीत यकृत आकसलेलं दिसलं आणि त्याच रात्री अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली. दारूला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. कावीळही कधी झाली नव्हती. गावाकडे यकृताचा आजार म्हणजे कावीळ, आणि काविळीला माळ घालायची नाहीतर नाकात औषध सोडायचं, एवढंच लोकांना माहीत. डोळे पिवळे न होता एखादा विषाणू वीस वर्षं यकृत पोखरत राहतो, हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण कातडी ओरडून सांगत होती, आणि ती ओळखायचं शिक्षण तुमच्याकडे आहे.

क्रायोग्लोब्युलिनची तपासणी कशी झाली ते लिहायलाच हवं, कारण ती अनेकदा उगाचच निगेटिव्ह येते असं मला सांगण्यात आलं. प्रयोगशाळेतल्या मुलाने सुई आणि नळी आधीच कोमट करून घेतली होती. रक्त घेतल्या घेतल्या नळी थर्मासमध्ये, सदतीस अंशांच्या पाण्यात बुडवली आणि रक्त गोठून सीरम वेगळं होईपर्यंत ती थंड होऊ दिली नाही. नंतर ते सीरम फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवलं. काही दिवसांनी त्याने मला नळी दाखवली, तर तळाशी पांढरा साका बसला होता. नळी पुन्हा गरम केल्यावर तो माझ्यासमोर विरघळून गेला. विषाणूने सतत डिवचल्यामुळे बी पेशी जी प्रतिपिंडं तयार करत राहतात, ती एकमेकांना चिकटून थंडाव्यात बसतात, आणि पायांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून त्यांना सूज आणतात. रक्त नेहमीसारखं बर्फाच्या डब्यातून पाठवलं की ती वाटेतच गुठळीबरोबर निघून जातात आणि रिपोर्ट निर्दोष येतो. तालुक्याच्या ठिकाणी हे सगळं जमत नसेल तर नसू दे. अँटी-एचसीव्ही मात्र कुठेही होते.

उपचारांचं थोडक्यात सांगते. अमेरिकेत २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर हे हेपटायटिस सीवरचं औषध बाजारात आलं तेव्हा एका गोळीला हजार डॉलर आणि बारा आठवड्यांच्या कोर्सला ८४,००० डॉलर पडत होते. भारतीय कंपन्यांनी ते बनवायला घेतल्यावर किंमत आमच्या आवाक्यात आली. २०१६ मध्ये यजमानांनी कोर्स पूर्ण केला, विषाणू गेला. ठिपके यायचे थांबले, पायांच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. पण यकृत परत येण्याच्या पलीकडे गेलं होतं. पोटात पाणी भरायचं, एकदा शुद्ध हरपली. २०१८ मध्ये पुण्यात प्रत्यारोपण झालं. यकृताचा भाग आमच्या मुलाने दिला.

त्यानंतर दर काही महिन्यांनी तपासणी. टॅक्रोलिमसची (नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) पातळी, यकृताचे एन्झाइम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, साखर. सगळं काटेकोर, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्या सगळ्या वर्षांत त्यांना शर्ट काढायला कुणी सांगितलं नाही. उन्हात जाताना काय घालायचं, किती वाजता जायचं, हे डिस्चार्जच्या कागदावर नव्हतं. शेतकरी माणूस, बरं वाटायला लागल्यावर घरात बसणार कसा? डोक्यावर गांधी टोपी असते, तिने टाळू झाकते, कान उघडेच राहतात.

२०२३ मध्ये उजव्या कानाच्या वरच्या कडेवर एक खडबडीत पुटकुळी आली. खपली धरायची, कुशीवर झोपलं की ती निघायची, उशीला रक्ताचा डाग. पुन्हा खपली. दोन-अडीच महिन्यांत ती वाटाण्याएवढी झाली आणि बुडाशी टणक लागायला लागली. बायोप्सीत स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, निघाला. कानाची कड कापून काढली, कडा स्वच्छ आल्या, गाठींत काही नव्हतं. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी टॅक्रोलिमस कमी करून एव्हरोलिमस जोडलं आणि मधल्या काळात सुरू असलेलं, प्रतिकारशक्ती दाबणारंच दुसरं औषध अॅझाथायोप्रिन बंद केलं.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारत आले : हेपटायटिसमुळे त्वचेचा कॅन्सर झाला का? याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण अर्धवट उत्तराने लोक घाबरतात.

विषाणूने थेट कानाच्या कातडीत जाऊन कॅन्सर केला, असं मानायला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था हेपटायटिस बी आणि सी या दोघांनाही मानवात कॅन्सर घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवते. दोघांमुळे यकृताचा कॅन्सर होतो, आणि हेपटायटिस सीमुळे नॉन-हॉजकिन लिम्फोमा हा लसीका पेशींचा कॅन्सरही होतो. त्या यादीत त्वचेचा कॅन्सर नाही. विषाणूंमुळे त्वचेचे कॅन्सर होतातच, पण ते विषाणू वेगळे. २००८ मध्ये मर्केल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये सापडलेला पॉलिओमा विषाणू हे त्याचं उदाहरण. म्हणून हेपटायटिस बी किंवा सीचा रिपोर्ट हातात आलेल्या माणसाने अंगावरचा प्रत्येक तीळ बघून झोप उडवून घेऊ नये. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘कावीळ झाली की कातडीचा कॅन्सर’ छापाच्या मजकुराला तुम्ही जाहीरपणे, तुमच्या नावानिशी उत्तर द्यावं अशीही माझी विनंती आहे. तुमचं ऐकतील, माझं नाही.

पण थेट नाही म्हणजे संबंधच नाही, असंही नाही. आमच्या घरात तो कसा घडला ते वर आलंच आहे. विषाणूने यकृत घालवलं, यकृत घालवलं म्हणून ते बदललं, बदललेलं टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबली, आणि दाबलेल्या प्रतिकारशक्तीवर ऊन पडलं. यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या जगभर चांगल्या अभ्यासलेल्या आहेत. गोऱ्या लोकांच्या देशांत अवयव बदललेल्या रुग्णांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर त्वचेचाच असतो. एरवी लोकांत त्वचेच्या कॅन्सरचा बेसल सेल प्रकार जास्त आणि स्क्वेमस सेल कमी असतो, प्रत्यारोपणानंतर हे प्रमाण उलटतं. टॅक्रोलिमससारखी औषधं उन्हाने बिघडलेल्या पेशी टिपणारा पहारा सैल करतात, अॅझाथायोप्रिनचा अंश डीएनएत शिरून त्याला अतिनील किरणांपुढे आणखी हळवा करतो. यकृतापेक्षा मूत्रपिंड आणि हृदय बदललेल्यांना हा धोका जास्त, हे मला माहीत आहे. तरी तो शून्य नाही, आमच्या घरी तर नाहीच.

‘आपल्या सावळ्या कातडीला हा आजार क्वचितच होतो’ हे वाक्य मी फार ऐकलं. ते खरंही आहे. पण त्याच वाक्यामुळे आपल्याकडे कुणी बघत नाही. अमेरिकेत प्रत्यारोपण झालेल्या कृष्णवर्णीय रुग्णांची पद्धतशीर तपासणी झाली तेव्हा स्क्वेमस सेल कॅन्सर बऱ्याचदा उन्हापासून झाकलेल्या जागी, जांघेत आणि गुप्तांगावर सापडला, आणि त्यात एचपीव्ही या विषाणूचा हात दिसला. गडद कातडीच्या लोकांत मेलॅनोमा हा त्वचेचा दुसरा कॅन्सर होतो तोही मुख्यतः तळपाय, तळहात आणि नखांखाली. म्हणजे आपल्या माणसांना फक्त चेहरा आणि हात बघून भागणार नाही. चपला, मोजे काढायला लावून, पडद्याआड नीट बघावं लागेल. त्यासाठी प्रत्यारोपण केंद्रात आठवड्यातून एक दिवस त्वचारोगतज्ज्ञ येऊन बसला तरी पुरे. यजमानांचा कॅन्सर कानाच्या कडेवर होता म्हणून मला रोज दिसत होता. तळपायावर असता तर?

आणि उशीर झाल्याची किंमत या रुग्णांना दुप्पट पडते. त्वचेचा कॅन्सर पसरला तर आज प्रतिकारशक्ती जागी करणारी प्रभावी औषधं आहेत. पण तीच औषधं बदललेल्या अवयवावरही प्रतिकारशक्तीला सोडतात आणि तो अवयव नाकारला जाण्याचा मोठा धोका असतो. मुलाने दिलेलं यकृत की कॅन्सरवरचा इलाज, असा प्रश्न एखाद्या बापापुढे यायला नको असेल तर गाठ वाटाण्याएवढी असतानाच सापडायला हवी.

आता विषाणू आणि कॅन्सर यांचं नातं किती खरं असू शकतं, याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण सांगते. २००२ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी हेपटायटिस सी असलेल्या आणि प्लीहेचा एका विशिष्ट प्रकारचा लिम्फोमा झालेल्या नऊ रुग्णांना फक्त विषाणूवरचं इंटरफेरॉनचं औषध दिलं. विषाणू ज्यांच्या रक्तातून गेला त्या सात जणांचा लिम्फोमाही मावळला. तोच लिम्फोमा पण हेपटायटिस सी नसलेल्या सहा जणांना त्याच औषधाचा काही उपयोग झाला नाही. बी पेशींना वर्षानुवर्षं डिवचत राहिल्याचा शेवट कुठे होतो ते यातून कळतं. आणि पायांवरचे ते ठिपके म्हणजे त्याच डिवचण्याची कातडीवर उमटलेली खूण आहे. त्या खुणेवर मलम चोळून रुग्णाला घरी पाठवलं जातं, याचं मला मनापासून दुःख होतं.

तोंडातल्या लायकेन प्लॅनसबद्दलही बोलायला हवं. गालाच्या आतली पांढरी जाळी, मध्येच लाल चट्टा, तिखट लागलं की आग. इटली आणि जपानमध्ये त्याचा हेपटायटिस सीशी संबंध ठळक दिसतो, काही देशांत पुसट. पण हा लायकेन प्लॅनस पुढे कॅन्सरकडे वळू शकतो, साधारण शंभरात एकाच्या बाबतीत. आमच्या भागात बायकांची मिश्री आणि पुरुषांची तंबाखू, गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही मिळणाऱ्या पुड्या. तोंडाची आग तंबाखूच्या खात्यावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. तंबाखू सोडवाच, आणि रक्तही तपासा.

हेपटायटिस बीचा मुद्दा तुमच्या स्वतःच्या चिठ्ठीशी निगडित आहे. सोरायसिसला मेथोट्रेक्सेट, पेम्फिगसला रिटुक्सिमॅब, कितीतरी आजारांना लांबलचक स्टिरॉइड तुम्हीच लिहिता. अंगात झोपलेला हेपटायटिस बी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अशा औषधांनी उठतो आणि यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो. रिटुक्सिमॅबच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात हा इशारा २०१३ पासून ठळक चौकटीत छापलेला आहे. अशा वेळी नुसती एचबीएसएजी पुरत नाही, पूर्वी कधी संसर्ग होऊन गेला का ते सांगणारी अँटी-एचबीसीही लागते, कारण जुना, बरा झालेला वाटणारा संसर्गही उठू शकतो. तुमच्यापैकी पुष्कळ जण हे नेमाने करतात. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या दवाखान्यांत ते सरसकट होत नाही, हे मी नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरून सांगते.

तपासणी पॉझिटिव्ह आली तर पुढे काय, म्हणून ती लिहायला कचरू नका. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. हेपटायटिस सीवर बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि शंभरातले पंच्याण्णवहून अधिक बरे होतात. बीला कायमचं घालवणारं औषध अजून नाही, पण टेनोफोविरसारख्या गोळ्यांनी तो काबूत राहतो आणि घरातल्या इतरांना लस देता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हेपटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हेपटायटिस सी होता. यातल्या बहुतेकांना ते ठाऊकच नाही. ही माणसं यकृताच्या डॉक्टरकडे जाणार नाहीत, कारण त्यांचं पोट दुखत नाही. ती खाज येते, डाग दिसतात म्हणून तुमच्या बाकावर येऊन बसतील.

एक शेवटचं. यजमानांच्या पायांचे २००९ पासूनचे फोटो, त्या काळातल्या सगळ्या चिठ्ठ्या, क्रायोग्लोब्युलिनचा रिपोर्ट, कानाच्या बायोप्सीचा कागद, सगळं तारखेनुसार लावून ठेवलेलं आहे. कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना दाखवायला ते हवं असेल तर डॉक्टरांची नावं झाकून आम्ही प्रती देऊ. विद्यार्थ्यांसमोर बसायलाही ते तयार आहेत. सांगली, मिरज, कोल्हापूर, कराड इथे तर आम्ही एसटीने येऊ. फक्त तारीख आठवडाभर आधी कळवा, कारण गळीत हंगामात त्यांना शेतावरून हलवणं मला जमत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वाळवा तालुका, जि. सांगली